उत्तराचा अन्वय : विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचे गणित-मूल्यमापन आणि संख्यावाचक शब्दांची भाषा

१

गणिताला भाषा नसते, असे विधान शिक्षणविषयक चर्चेत वारंवार केले जाते. पाच आणि सात यांची बेरीज पुण्यात जी येते तीच बेंगळुरूत येते. म्हणून सर्व विषयांच्या परीक्षांत गणिताची परीक्षा अधिक निःपक्षपाती होय, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. संख्यांपुरते हे विधान मान्य करता येईल. परंतु परीक्षकापुढे संख्या येत नाही, विद्यार्थ्याचे उत्तर येते. आणि उत्तर नेहमीच कोणत्या तरी माध्यमातून येते. ते उच्चारलेले असते, लिहिलेले असते, बोटाने दाखविलेले असते, किंवा नुसत्या नजरेने सुचविलेले असते. या माध्यमाचे स्वतःचे व्याकरण असते. ते ध्यानात न घेता उत्तराचा अर्थ लावला, तर माध्यमातील अडचण विद्यार्थ्याची उणीव म्हणून नोंदली जाते.

सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या बाबतीत या गफलतीची किंमत दोन-चार गुणांची असते. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती कितीतरी अधिक असते. कारण त्याच्या मूल्यमापनावरून गुण नव्हे, तर मार्ग ठरतो. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. बीजगणित व भूमिती यांच्याऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेण्याची मुभा ही त्यांपैकी एक होती. ही सवलत मोलाची होती, आणि तिच्यामुळे अनेकांचा शालान्त परीक्षेचा रस्ता मोकळा झाला, यात शंका नाही. पण तिला दोन धारा आहेत. ज्याला ती खरोखर हवी आहे त्याचे मूल्यमापन चुकले, तर तो वर्षानुवर्षे नापास होत राहतो. आणि ज्याला ती नको होती त्याच्या उत्तरांचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर बीजगणित, भूमिती आणि त्यांच्या पाठोपाठ येणारी सारी विज्ञानाची दालने त्याला पंधराव्या वर्षीच बंद होतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे. मराठी कुटुंबात जन्मलेले, पण कन्नड, तमिळ व इंग्रजी यांच्या सान्निध्यात शिकणारे मूल हे येथे विचाराचे केंद्र आहे. गणिताचे मूल्यमापन हे मुळात वाचनाचे काम आहे, आणि विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ते अनुवादाचे काम आहे, हे दाखविणे हा लेखाचा हेतू होय.

२

या विचारासाठी बेंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगर हे योग्य स्थळ आहे. एका बाजूस तमिळ वस्तीचा जुना अलसूर, दुसऱ्या बाजूस विमान कारखान्याचा परिसर, आणि मध्ये आखीव रस्त्यांची ही वसाहत. बेंगळुरूचा मराठीशी संबंध सतराव्या शतकातील शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा आहे. अलीकडच्या काळात विमान कारखाना, संरक्षण खाते, बँका व संगणक व्यवसाय यांच्यामुळे मराठी कुटुंबे या भागात येत राहिली. त्यांच्या घरातील मूल आजीकडून मराठीत मोजायला शिकते, शाळेत इंग्रजीत शिकते, आणि भाजीवाल्याकडे, रिक्षात, खेळाच्या मैदानावर कन्नड किंवा तमिळ ऐकते. एकाच संख्येसाठी तीन-चार शब्द त्याच्या कानावर असतात.

याच इंदिरानगरात स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक ही संस्था आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचे काम सुरू केले, त्यानंतर देशात अन्यत्र अशा संस्था उभ्या राहिल्या; इंदिरानगरची संस्था त्या परंपरेतील होय. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा निरनिराळ्या गरजा असलेली मुले तिच्या कक्षेत येतात. याच शहरात १९७४ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स, आकारास आली. अध्ययन अक्षमता ओळखण्यासाठी तेथे तयार झालेला चाचणीसंच देशभर वापरला गेला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, आणि गणनक्षमतेतील दोष, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, हा तिच्यातच मोजला गेला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत निदानासाठी निम्हान्सच्याच संचाचा निर्देश होता. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत देऊ नये, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी, असेही त्यांत म्हटले होते.

म्हणजे एका बाजूस कायदा आहे, संस्था आहेत, चाचण्याही आहेत. प्रश्न उरतो तो चाचणीच्या टेबलाशी बसलेल्या मुलाचा, आणि त्याने दिलेल्या उत्तराचा अन्वय लावण्याचा.

३

मराठीतील संख्यावाचक शब्दांचा विचार व्याकरणकारांनी व कोशकारांनी केला आहे. परीक्षकांनी तो फारसा केलेला दिसत नाही. या शब्दांची तीन वैशिष्ट्ये प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची आहेत.

पहिले वैशिष्ट्य क्रमाचे. मराठीत दोन अंकी संख्येतील एकक आधी उच्चारला जातो, दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी आणि एकक नंतर. ‘तेवीस’ या शब्दात तीन प्रथम येतात, ‘२३’ या लेखनात दोन. कन्नडमध्ये ‘इप्पत्तमूरु’ म्हणजे वीस-तीन. तेथे उच्चार व लेखन एकाच दिशेने चालतात. तमिळची रचनाही अशीच आहे. इंग्रजीत तेरा ते एकोणीसपर्यंत एकक आधी येतो, पण विसाच्या पुढे क्रम सरळ होतो. जर्मन भाषा या बाबतीत मराठीची सोबतीण आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी निगडित होत्या. ती मुले काही विशेष गरजा असलेली म्हणून निवडलेली नव्हती. ती फक्त जर्मन बोलणारी होती.

दुसरे वैशिष्ट्य रूपांतराचे. ‘दोन’ हा शब्द ‘बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव’ या मालिकेत कोठेही आपल्या मूळ रूपात भेटत नाही. ‘पन्नास’ पुढे ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ होतो, ‘सत्तर’चा ‘हत्तर’ होतो. भाषाभ्यासकाला हा प्राकृतातून आलेल्या ध्वनिपरिवर्तनाचा सुंदर इतिहास वाटेल. आठ वर्षांच्या मुलाला ती जवळजवळ नव्व्याण्णव स्वतंत्र नावांची यादी असते.

तिसरे वैशिष्ट्य वजाबाकीचे. ‘एकोणीस’ ते ‘एकोणनव्वद’ या आठ शब्दांत पुढच्या दशकातून एक वजा केलेला आहे. त्यामुळे ‘एकोणतीस’ ऐकताच कानावर ‘तीस’ पडतो आणि हात ‘३’ लिहू लागतो. ही रचना नव्व्याण्णवला येऊन अचानक थांबते. तेथे ‘एकोणशंभर’ नाही. अपूर्णांकांतही हीच वृत्ती दिसते. ‘पावणेदोन’ म्हणजे दोनास पाव कमी. कन्नडमधील ‘ओंदू मुक्कालु’ म्हणजे एक आणि पाऊण. एकच राशी एका भाषेत वरून खाली मोजली जाते, दुसरीत खालून वर.

आता एका कल्पित पण रोज संभवणाऱ्या चाचणीकडे वळावे. परीक्षक मराठीतून सांगतो : बावन्नमधून सत्तावीस वजा कर. योग्य उत्तर २५. तीन मुले तीन वेगवेगळी चुकीची उत्तरे देतात. पहिले मूल उत्तर लिहिते ३५. दुसरे मूल कागदावर २५ आणि ७२ असे आकडे मांडते आणि गोंधळून थांबते. तिसरे मूल बोटे मोजून २६ सांगते. गुणपत्रिकेत तिघांनाही शून्य. पण या तीन शून्यांचा अर्थ एक नाही.

पहिल्या मुलाने एककस्थानी सातातून दोन वजा केले, म्हणजे लहान अंक नेहमी मोठ्यातून वजा करायचा असा स्वतःचा नियम बनविला. ब्राउन व बर्टन यांनी १९७८ साली अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास करून दाखविले की, मुलांच्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. त्या चुकीच्या नियमाचे अगदी काटेकोर पालन असतात. या मुलाला दशक सुटा करण्याची कृती पुन्हा शिकविली पाहिजे. दुसऱ्या मुलाची वजाबाकी अजून सुरूच झालेली नाही. ते ‘बावन्न’ व ‘सत्तावीस’ यांच्या उच्चारक्रमात अडकले आहे. हेच उदाहरण अंकांत छापून दिले, किंवा कन्नडमधून सांगितले, तर ते कदाचित सहज सोडवील. तिसऱ्या मुलाला संख्याही कळली, क्रियाही कळली. मोजताना त्याने सत्तावीस हा आकडाच पहिला म्हणून धरला. एकाला रीत हवी, दुसऱ्याला भाषेची मदत हवी, तिसऱ्याला मोजणीतील एक बारकावा हवा. तिघांनाही एकच प्रमाणपत्र, किंवा तिघांनाही एकच नकार, हा न्याय नव्हे.

४

भाषेचे हे माध्यम सर्वांना समान आहे. परंतु शारीरिक अक्षमतेमुळे काही मुलांच्या बाबतीत त्यावर आणखी एक माध्यम चढते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा हात अक्षर वळवू शकत नाही, आणि जीभ शब्द वळवू शकत नाही, असे अनेकदा होते. मूल संवादफलकावरील आकड्यांकडे बोट नेते, किंवा डोळे फिरवून उत्तर दाखविते. येथे परीक्षकाला दोन विरुद्ध चुकांपासून सावध राहावे लागते. एक चूक म्हणजे हात वेडावाकडा गेला म्हणून उत्तर चुकले असे समजणे. दुसरी, सहानुभूतीतून होणारी चूक म्हणजे योगायोगाने बरोबर आलेले उत्तर ज्ञान म्हणून मोजणे.

या दुसऱ्या चुकीवर उपाय गणितातच आहे. ‘होय’ व ‘नाही’ एवढेच उत्तर देता येणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला, तर नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते. तोच मुद्दा पाच निरनिराळ्या प्रश्नांनी तपासला, तर पाचही उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ३२ पैकी १, म्हणजे सुमारे तीन टक्के. चार आकड्यांतून एक दाखवायचा असेल, तर तीनच प्रश्नांत ती ६४ पैकी १ पर्यंत खाली येते. म्हणजे मुलाला अधिक बोलायला लावण्याची गरज नाही. परीक्षकाने अधिक वेळा, अधिक विचारपूर्वक विचारण्याची गरज आहे. वेळ वाढवून देणे ही मेहेरबानी नव्हे. उत्तराच्या विश्वसनीयतेची ती पूर्वअट होय.

अंध विद्यार्थ्याची टेलर पाटी हे दुसरे उदाहरण. या पाटीला अष्टकोनी छिद्रे असतात. तिच्यात धातूचा खिळा आठ दिशांनी बसू शकतो, आणि खिळ्याची दोन टोके वेगळी असल्याने एकूण सोळा चिन्हे मिळतात. खिळा एका घराने फिरला की अंक बदलतो. अशा वेळी उत्तरातील चूक हिशेबाची की बोटांची, हे विद्यार्थ्याने तोंडी केलेला हिशेब ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. डोळस विद्यार्थ्याच्या वहीत पुसट अक्षर दिसले तर शिक्षक विचारतो, हे सात आहे की एक? तोच प्रश्न टेलर पाटीपुढे विचारण्याची सवय परीक्षकाने लावून घेतली पाहिजे.

श्रवणदोष असलेल्या मुलाची अडचण पुन्हा वेगळी आहे. शाब्दिक उदाहरण हा मुळात एक कथाप्रकार आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीत उदाहरणांना भुंगे, हंस, हार, सर्प व मोर यांचे संसार दिले. त्यांच्या ग्रंथाची लोकप्रियता काही अंशी या कथनात आहे. पण कथन वाचणे ही स्वतंत्र क्षमता आहे. ‘सीतेजवळ असलेल्या पेरूंपेक्षा मीनेजवळचे पेरू तीनने कमी आहेत’ या वाक्यात तुलनेचा प्रत्यय, ‘कमी’चा अर्थ आणि दोन नावांचे नाते एकदम सांभाळावे लागते. ज्या मुलाची पहिली भाषा सांकेतिक आहे, त्याच्यासाठी हे आधी मराठीचे वाचन आहे आणि मग गणित. उदाहरण खुणांच्या भाषेत सांगून किंवा पेरूंच्या जागी मणी ठेवून पुन्हा विचारले, तर कोणती अडचण कोणाची हे वेगळे होते.

५

आतापर्यंत चुकीच्या उत्तरांचा विचार झाला. बरोबर उत्तराचाही अन्वय लावावा लागतो. एर्लवॅंगर यांनी १९७३ साली अमेरिकेतील बेनी नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल स्वतःच्या गतीने पुढे जाणाऱ्या एका कार्यक्रमात चांगले समजले जात होते. चाचण्या ते पार करीत होते. प्रत्यक्ष बोलल्यावर दिसले की, ०.३ आणि ०.४ यांची बेरीज ते ०.०७ समजत होते, कारण दोन संख्यांत मिळून दोन दशांशचिन्हे होती. नियम त्याने स्वतः बनविले होते, आणि गणित म्हणजे उत्तरपत्रिकेशी जुळवून घेण्याचा खेळ अशी त्याची समजूत झाली होती. गुणांनी जे झाकले, ते संभाषणाने उघड केले.

महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल्यमापन संभाषणानेच होत असे. परंतु ते पाठांतराचे संभाषण होते. परवचा, पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी यांची उजळणी सामुदायिक स्वरात चाले. या परंपरेचे सामर्थ्य कमी लेखण्याचे कारण नाही. अपूर्णांकांना पाढ्यांत बसविणे ही एका व्यापारी व शेतकरी समाजाची मोठी बौद्धिक कमाई होती. परंतु विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत परवचा एकाच क्षमतेची परीक्षा घेतो : क्रमाने ऐकलेले क्रमाने आठवण्याची. गिअरी यांनी १९९३ साली गणितातील अक्षमतेचे तीन प्रकार सुचविले : क्रियेची रीत पक्की न होणे, संख्यातथ्ये स्मृतीतून चटकन न येणे, आणि आकडे व आकृती यांची अवकाशातील मांडणी न साधणे. यांपैकी दुसऱ्या प्रकारचे मूल ‘सात आठे’ हे कधीच चटकन सांगणार नाही. पण सात ओळींत आठ-आठ मणी मांडून छप्पन्न का येतात, हे समजावून देईल. परवच्यात ते मूल मंद ठरते. मण्यांपुढे ते गणिती ठरते.

याच्या उलट बाजूचा पुरावा ब्राझीलमधील रेसिफे शहरातून आला. तेथे रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. व्यवहारात नारळ व फळे विकताना या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर होती. तेच हिशेब कागदावर निव्वळ आकड्यांत दिले तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. मुले तीच, संख्या त्याच. फक्त उत्तराचे माध्यम बदलले होते.

इंदिरानगरच्या मुलाला रेसिफेच्या बाजारात जाण्याची गरज नाही. त्याच्या घराचा पत्ताच एक गणित आहे. या वसाहतीच्या मोठ्या भागात रस्ते ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा दोन दिशांच्या क्रमांकित जाळ्यात आखलेले आहेत. शंभर फुटी रस्त्यावरून बाराव्या मेनकडे वळणारे मूल अजाणता दोन अक्षांवर स्थान ठरवीत असते. कागदावर स्थानिक किंमत मांडताना ज्याचे आकडे घसरतात, ते मूल रस्त्यांच्या नकाशावर ‘दोन क्रॉस पुढे, एक मेन डावीकडे’ हे अचूक सांगते का, हे पाहण्यासारखे आहे. सांगत असेल, तर त्याची अवकाशाची जाण शाबूत आहे, आणि भूमिती त्याच्याकडून काढून घेण्यापूर्वी परीक्षकाने पुन्हा विचार केला पाहिजे. अशी परिसरातील उदाहरणे चाचणीची जागा घेऊ शकत नाहीत, परंतु चाचणीच्या निष्कर्षाला जोड देऊ शकतात.

६

या विवेचनावर एक सार्थ आक्षेप घेता येईल. प्रत्येक चूक भाषेच्या माथी मारली, तर खरी गणन-अक्षमता असलेले मूल मदतीवाचून राहील. ‘मोठेपणी येईल’, ‘मराठी पाढेच कठीण’ अशा समजुतींनी पालक व शिक्षक महत्त्वाची वर्षे वाया घालवितात, हा धोका खरा आहे. म्हणून भाषेचा मुद्दा निदान टाळण्यासाठी नाही. निदान अचूक करण्यासाठी आहे.

हे अचूकपण साधण्याची रीत फार अवघड नाही. एकच मुद्दा चार माध्यमांतून तपासावा : छापील अंकांत, घरच्या भाषेतील उच्चारात, शाळेच्या भाषेतील उच्चारात, आणि काड्या-मणी यांसारख्या वस्तूंत. चूक फक्त मराठी उच्चारात होत असेल, तर प्रश्न संख्यानामांचा आहे. फक्त लेखनात होत असेल, तर हाताचा किंवा मांडणीचा आहे. परंतु नऊ आणि सात यांपैकी मोठे कोणते, दोन ढिगांपैकी अधिक मणी कोठे, पाच मण्यांची जागा बदलली तर ते अजून पाचच आहेत का, अशा शब्दांवर विसंबून नसलेल्या प्रश्नांतही मूल वारंवार अडखळत असेल, तर अडचण संख्याबोधाची आहे. मोजणीमागील मूलतत्त्वे गेलमन व गॅलिस्टेल यांनी १९७८ साली विशद केली : प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा स्थिर क्रम, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, वस्तू कोणतीही चालते, आणि मोजण्यास कोठूनही आरंभ केला तरी चालतो. यांतील कोणते तत्त्व डळमळीत आहे, हे लक्षपूर्वक पाहणाऱ्या शिक्षकाला महागड्या साधनांवाचूनही कळू शकते.

शिवाय हे विसरून चालणार नाही की, भाषेची अडचण आणि अक्षमता या परस्परांना वगळणाऱ्या गोष्टी नाहीत. ज्या मुलाची कार्यकारी स्मृती मुळातच तोकडी आहे, त्याला ‘सत्तावीस’ ऐकून सात मनात धरायचे, वीस आधी लिहायचे, मग सात लिहायचे, हा भार इतरांहून अधिक जाणवतो. मराठी त्याची अक्षमता निर्माण करीत नाही. पण ती उघडी पाडण्यास मराठीचा क्रम कारण होतो. अशा मुलासाठी ‘वीस-सात’ हा वाचनप्रकार तात्पुरत्या आधारासारखा उपयोगी पडेल.

हा मुद्दा महाराष्ट्रात एकदा जाहीर वादाचा विषय झाला होता. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ शब्दांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती दिली गेली. उच्चाराचा व लेखनाचा क्रम जुळावा आणि जोडाक्षरांनी भरलेल्या शब्दांचा अडसर कमी व्हावा, ही तिच्यामागील भूमिका होती. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. वाद विधिमंडळापर्यंत गेला. त्यात मराठीच्या परंपरेचा प्रश्न मोठा झाला. पाटीपुढे बसलेल्या मुलाचा प्रश्न त्यामानाने मागे पडला. वस्तुतः या दोहोंत विरोध असण्याचे कारण नाही. ‘सत्तावीस’ हा शब्द मराठीच्या संपत्तीचा भाग आहे आणि राहील. प्रश्न एवढाच आहे की, त्या शब्दाच्या उंबरठ्यावर अडखळलेल्या मुलाला गणिताच्या घरात येऊ द्यायचे की नाही. शब्दाचा वारसा सर्वांना मिळावा. पण वारशाची परीक्षा आणि गणिताची परीक्षा एकाच कागदावर घेऊ नये.

७

भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर आता देता येईल. वाचनातील अक्षमता ओळखण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चार भाषांत साधनसंच तयार केला, आणि तो करताना प्रत्येक भाषेची लिपी व ध्वनिरचना स्वतंत्रपणे विचारात घ्यावी लागली. वाचनाच्या बाबतीत जे मान्य झाले, ते गणिताच्या बाबतीतही मान्य व्हावयास हवे : एका भाषेत तयार झालेल्या चाचणीचे शब्द बदलले म्हणजे ती दुसऱ्या भाषेची चाचणी होत नाही. ‘अकरा ते नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या ओळख’ हा साधा प्रश्न कन्नड मुलाला विचारला, तर तो थोड्या नियमांचा प्रश्न असतो. मराठी मुलाला विचारला, तर तो शब्दसंग्रहाचा प्रश्न असतो. दोघांच्या गुणांची तुलना करणारा तक्ता या भेदाविषयी मौन पाळतो.

येथे तुलनात्मक अभ्यासाला थेट उपयोगाचे काम आहे. प्रत्येक भारतीय भाषेतील शंभरपर्यंतच्या संख्यानामांचा, अपूर्णांकवाचक शब्दांचा आणि ‘अधिक, कमी, पट, उरले, वाटून’ अशा शाब्दिक उदाहरणांतील पदांचा एक तौलनिक तक्ता परीक्षकाच्या हाती असावा. कोठे क्रम उलटा आहे, कोठे वजाबाकी दडलेली आहे, कोठे रूप ओळखू न येण्याइतके बदलले आहे, हे त्यात स्पष्ट असावे. तमिळमध्ये नव्वदचा शब्द, ‘तोण्णूरु’, शंभरच्या शब्दावर बेतलेला आहे. मराठी मूल एकोणनव्वदपाशी, तर तमिळ मूल नव्वदपाशी अडखळणे संभवते. बहुभाषिक वस्तीतील शाळेत एकाच वर्गात ही दोन्ही मुले शेजारी बसतात. अशा तक्त्यावाचून त्यांच्या शिक्षकाला दोन निरनिराळ्या चुका एकसारख्याच दिसणार.

साहित्याचा अभ्यासक संहितेपुढे बसतो तेव्हा पाठभेद पाहतो, लेखकाची भाषा पाहतो, प्रतीतील दोष कर्त्याच्या माथी मारीत नाही. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर हीही एक संहिता आहे. ती पुष्कळदा तुटक असते, दुसऱ्याच लिपीत असते, काही वेळा नुसत्या नजरेत असते. तिच्या वाचनासाठी तेवढीच काळजी अपेक्षिली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. चाचणीचा अहवाल लिहिताना ‘उत्तर चुकले’ या दोन शब्दांपुढे ‘कोणत्या माध्यमात’ एवढी एक नोंद जरी आवश्यक मानली गेली, तरी कोणत्या मुलाला गणितातून सोडवायचे आणि कोणाला गणितात ठेवायचे, हा निर्णय आजच्यापेक्षा अधिक जबाबदारीने घेतला जाईल.